बाद झालेला गडी

आमच्या नातेवाइकांत माझ्या नोकरीविषयी दोन मतं आहेत. एक, मी कॉम्प्युटरवर पोरांना बिघडवणारे खेळ बनवते. दोन, इतकी वर्षं कागलच्या फौंड्रीत चांगली होते, तिथून काढलं असणार. दोन्ही चुकीची आहेत. फौंड्री मी स्वतः सोडली, आणि खेळ मी बनवत नाही. खेळ बनवणाऱ्यांनी जे ठरवलं ते ते करतात का, आणि जे करतात ते कधी ठरलं होतं का, एवढं मी बघते. याद्या करते, खुणा करते, मागे लागते.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी उत्पादन नियोजनात होते. तिथं संध्याकाळी काय तयार होणार हे सकाळी माहीत असायचं, कारण त्या वस्तूचं ड्रॉइंग भिंतीवर लावलेलं असायचं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या छोट्या स्टुडिओत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी निरंजनला विचारलं, "शेवटी नेमकं काय बनणार आहे?"

तो म्हणाला, "तेच शोधायचंय, मॅडम."

मला वाटलं, टाळतोय. तो टाळत नव्हता. या धंद्यातली पहिली पायरी हीच असते आणि ती बाहेरच्या कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्याविषयीच लिहायचं ठरवलं आहे.

निरंजन आमचा खेळाचे नियम लिहिणारा. बेंगळुरूची नोकरी सोडून कोल्हापूरला परतलेला. त्याच्या डोक्यात एक रणनीतीचा खेळ होता. रणनीतीच्या खेळात गोळ्या झाडायच्या नसतात; हाताशी असलेली माणसं, धान्य आणि जमीन कुठं लावायची हे ठरवायचं असतं. बुद्धिबळ हा या खेळांचा आजोबा. फरक एवढाच, की निरंजनच्या खेळात समोर एक नाही, पाच जण. एका नदीवर सहा गावं, प्रत्येक गावाला एक बंधारा, प्रत्येक खेळाडूचं एक गाव. वरच्याकडं पाणी मुबलक पण जमीन मुरमाड; खालच्याकडं काळी जमीन पण पाणी वरच्याच्या मर्जीवर. शेत पिकवा, बंधारे बांधा, जमलं तर शेजाऱ्याचं गाव घ्या. सगळे खेळाडू आपापल्या घरी, आपापल्या कॉम्प्युटरवर.

असा खेळ आधी कागदावर खेळून बघतात. कॉम्प्युटरवर एक नियम बदलायचा तर आमच्या बसवराजला चार दिवस लागतात. कागदावर खोडरबर पुरतो. बसवराज म्हणजे आमचा प्रोग्रॅमर, निपाणीकडचा. मला अक्का म्हणतो आणि रागावला की कानडीत मोजतो. चित्रं काढायला शाहीन. झाला स्टुडिओ.

शाहीननं कार्डशीटवर नदी काढली. गावातली माणसं म्हणून आम्ही शेंगदाणे ठेवले. ही या प्रकल्पातली पहिली चूक. दुसरी चूक जागेची: आमच्या खाली पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की मजला थरथरतो आणि वरच्या गावातले शेंगदाणे हळूहळू खालच्या गावात स्थलांतर करतात. त्यातून भांडणं होत. पण गिरणीला दोष देता यायचा. दत्तूमामांचं काय करणार?

दत्तूमामा आमच्या चाचणीचे खेळाडू. जोतिबाच्या डोंगरावर त्यांचं नारळ-गुलालाचं दुकान. शाहीनच्या ओळखीनं आले, आणि भाविकांना जशी हाक मारतात तशीच आम्हा सगळ्यांना मारायला लागले: "बोला पावणं." खेळता खेळता त्यांचा हात वाटीत जायचा. एकदा निरंजननं विचारलं, "मामा, तुमचं सैन्य कुठंय?"

मामा चघळत थांबले. "खाल्लं की."

तेव्हापासून चिंचोके. मामांच्या बोटांना कायम गुलाल, त्यामुळं चार बैठकांत नकाशावरचं त्यांचं गाव गुलाबी झालं.

चाचणीला दर रविवारी सहा जण बसत. त्यातले तीन बदलत, तीन कायमचे. मामा, कागलला लेथवर काम करणारा संग्राम, जो फोनवरच्या खेळांत मुरलेला आणि हल्ल्याशिवाय दुसरं काही न सुचणारा, आणि रोहिणी, गावात एका लॅबमध्ये रक्त तपासणारी, मूळची शाहूवाडीकडची, भातशेतीतली. आमचं काम त्यांच्यामागं उभं राहायचं, बोलायचं नाही, आणि कोण कधी कंटाळतंय ते बघायचं. हसू नका, हे शिकावं लागतं. माणूस खेळतोय की नुसता बसलाय हे त्याच्या खांद्यांवरून कळतं.

आणि तिथंच आमचं घोडं अडलं.

संग्राम पहिल्या अर्ध्या तासात कुणाचं तरी गाव घ्यायचा. ज्याचं घेतलं तो बाद. खेळ मात्र अजून दोन तास चालायचा. बाद झालेला थोडा वेळ बघायचा, मग फोन काढायचा, मग "चहा घेऊन येतो" म्हणून खाली जायचा. परत कुणीच यायचं नाही. खालच्या चहावाल्याचा धंदा आम्ही वाढवला, एवढंच झालं.

हैदराबादची एक कंपनी हा खेळ बाजारात आणायला आमच्याबरोबर येणार होती. त्यांच्या वतीनं श्रीनिवास नावाचे गृहस्थ व्हिडिओवर इंग्रजीत बोलायचे. शांत, मुद्द्याचं बोलणारे. त्यांनी सरळ सांगितलं, "हरलेला खेळाडू उठून गेला, की तो दुसऱ्या दिवशी परत येत नाही. सहातले पाच जण हरणारच आहेत. पावसाळ्यानंतर मी तिकडं येईन. तोवर हरलेला माणूस शेवटपर्यंत जागेवर बसतोय असं दाखवा. नाहीतर बाकीचे खेळाडू काढून टाकू. एकट्यानं कॉम्प्युटरशी खेळायचा करू."

धंद्याच्या दृष्टीनं यात काही वावगं नव्हतं. स्टुडिओही बंद पडणार नव्हता. पण व्हिडिओ बंद झाल्यावर निरंजन नकाशाकडं बघत म्हणाला, "मशीनशीच खेळायचं होतं तर बेंगळुरूत काय वाईट होतं? असं झालं तर मी परत जातो, मॅडम. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." तो धमकी देणारा माणूस नाही. मी ते वाक्य यादीत घातलं नाही, पण त्यानंतर सगळ्या याद्या त्याच एका प्रश्नाच्या झाल्या: हरलेल्याचं करायचं काय?

आम्ही उपाय केले. बाद झालेल्याला दुसरं छोटं गाव देऊन बघितलं. संग्राम भडकला: "मग मी काय झक मारायला जिंकलो?" बाद झालेल्याला भूत केलं, म्हणजे गाव नाही पण दुसऱ्यांच्या कामात खोडा घालता येईल. त्यात जो बाद व्हायचा तो उरलेले दोन तास फक्त संग्रामच्या मागं लागायचा आणि शेवटी जिंकायचा तिसराच, ज्यानं काहीच केलेलं नसायचं. खेळ आखूड करून बघितला. तर शेतं पिकायच्या आतच संपायला लागला. फौंड्रीत एखादा नग सारखा खराब निघायला लागला की आम्ही मागं मागं जाऊन कारण शोधायचो: वाळू, साचा, धातूचा रस. इथं कारण माणसाच्या मनात. तिथं हात कसा घालायचा?

मग तो रविवार आला. संग्रामनं वरचा बंधारा धरला आणि दत्तूमामांचं गुलाबी गाव घेतलं. निरंजननं सवयीनं मामांचे चिंचोके गोळा करायला हात पुढं केला. मामांनी तो धरला.

"का वो?"

"मामा, गाव गेलं तुमचं. तुम्ही बाद."

"वाच की पुन्यांदा तुझा कागद."

कागदावर निरंजनच्याच हातचं होतं: गाव गेलं की गडी बाद.

"हां," मामा म्हणाले. "गावातलं गडी बाद. न्या. पण माझं दोन गडी रोहिणीच्या रानात हायत. ते कुठं बाद झालं?"

निरंजननं गडी लिहिलं होतं ते खो-खोतल्या, कबड्डीतल्या अर्थानं. गडी म्हणजे खेळाडू. मामांनी वाचलं होतं ते शेतावरच्या अर्थानं. आणि नकाशावर खरंच रोहिणीच्या शेतात दोन चिंचोके वेगळे, जरा कडेला ठेवलेले होते. आमच्या नियमात एक कलम होतं, शेजाऱ्याला माणसं देता येतात. आमच्या मनात ती भेट होती. मैत्री जोडायची, विसरून जायचं. ते कलम कुणी वापरत नाही म्हणून मी काढून टाकायच्या यादीत घातलं होतं.

संग्राम हसला. "मामा, दिलंसा म्हंजे दिलंसा. ते आता तिचं झालं."

"तिचं कसं?" हे रोहिणी म्हणाली. "पैरा हाय तो. रोपलावणीला माझ्याकडं माणूस न्हवतं, मामांनी दोन दिलती. मी अजून फेडलेली न्हाईत."

"कुणाला फेडणार? गाव हाय कुठं त्यांचं?"

"गाव गेलं म्हणून पैरा बुडतोय व्हय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पैरा म्हणजे आज तुझी माणसं माझ्या रानात, उद्या माझी तुझ्या रानात. मजुरी नाही, उपकारही नाही. भातलावणीला सगळ्यांची घाई एकदमच असते, त्यामुळं याशिवाय भागत नाही. आम्ही हा नियम खेळात घातला नव्हता. त्यांनी तो आपला आपण, न विचारता, आणलेला होता. निरंजननं मागच्या रविवारच्या खेळाडूंना फोन करून विचारलं, तर तिथंही तेच. चिंचोके कडेला ठेवलेले आम्ही दर रविवारी बघत होतो. आम्हाला वाटायचं, गिरणीनं हलले.

त्या दिवशी मामा शेवटपर्यंत बसले. रोहिणीच्या शेताच्या कोपऱ्यात दोन गड्यांवर त्यांनी एक तुकडा पिकवला, त्यातला एक गडी चौथ्या गावाला पैऱ्यानं दिला आणि खेळ संपायच्या सुमाराला नदीच्या पार खालच्या टोकाला चार झोपड्यांचं गाव वसवलं. जिंकले नाहीत. पण चहाला कुणीच खाली गेलं नाही. मी त्यांचे खांदे बघत होते.

बसवराज म्हणाला, "आमच्याकडं ह्याला मुय्यी म्हणतात की, अक्का." मग लगेच कामाचं बोलला: "पण कॉम्प्युटरला आकडा लागतो. कुणाचे किती, कुठं, ते दाखवायचं कुठं?"

हा प्रश्न माझ्या आवडीचा होता. मी त्याला एक सुरेख तक्ता आखून दिला. सहा गावं उभी, सहा आडवी, कुणाचे कुणाकडं किती गडी ते एका नजरेत. बसवराजनं तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बसवला. कॉम्प्युटरवरच्या पहिल्या चाचणीला सगळे लॅपटॉप घेऊन त्याच खोलीत बसले, आणि पैरा तासाभरात मेला.

संग्राम तक्ता वाचून मामांना म्हणाला, "तुमच्याकडं आधीच तीन तटल्यात. मी न्हाय देत." दुसऱ्या एकानं आधी आपले फेडा म्हणून धोशा लावला. रोहिणीनं तर कुणाला एक माणूस दिला नाही. मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, गावात कुणाचा पैरा कुणाकडं हाय ते सगळ्यांना ठावं असतंय. पण असं चव्हाट्यावर टांगल्यावर कोण देतंय?"

तक्ता गेला. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. माझ्या आयुष्यातला तो चांगल्यातला चांगला तक्ता होता. पण मग नुसत्या आठवणीवर सोडायचं, तर जो दूर, घरी बसून खेळतोय त्याला दिसायचं काय? वाट शाहीननं काढली. तिनं प्रत्येक गावाच्या माणसांच्या डोक्याला एका रंगाचं फडकं बांधलं. मामांच्या गावाला अर्थातच गुलाबी. आता आकडा कुठंच नाही. शेजाऱ्याच्या शेतात नजर टाकली, की हिरव्या फडक्यांत दोन गुलाबी डोकी वाकलेली दिसतात. फेड झाली की ती घरी जातात. खऱ्या पैऱ्यात माणसं संध्याकाळी घरी जातात, अशी तक्रार रोहिणीनं केली आणि ती आजही मागे घेतलेली नाही. ती बरोबर आहे. पण खेळात काहीतरी दिसावं लागतं.

निरंजननं सगळे नियम पुन्हा लिहिले. गाव गेलं, तरी दुसऱ्यांच्या शेतात तुमच्या फडक्याचं एक डोकं असेतोवर तुम्ही खेळात. ज्यानं कुणालाच कधी काही दिलं नाही, तो मात्र खरोखर बाद. हे वाचून संग्राम म्हणाला, "म्हंजे हे माझ्यासाठीच केलंय." कुणी नाही म्हटलं नाही.

पावसाळा सरला आणि श्रीनिवास आले. मी माझ्या याद्या तपासल्या. एक सोडून सगळ्या कामांपुढं खूण होती, आणि ते एक इतकं किरकोळ होतं की मी बसवराजच्या मागे लागले नाही: गाव गेल्यावर पडद्यावर येणारा जुना संदेश बदलणे.

श्रीनिवास म्हणाले, मी बघत नाही, खेळतो. त्यांना निळं गाव दिलं. ते जपून खेळत होते, पण हा खेळ जपून खेळणाऱ्याचा नाही. सुरुवातीलाच त्यांनी एक बटण चुकून दाबलं आणि त्यांचे दोन गडी मामांच्या शेतात गेले. ते "अरे" म्हणाले, मग सोडून दिलं. पुढं संग्रामनं नेहमीप्रमाणं बंधारा धरला आणि निळं गाव घेतलं.

श्रीनिवासांचा पडदा करडा झाला. त्यावर जुना संदेश आला: आपला खेळ संपला. खेळल्याबद्दल आभार.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. बसवराज कानडीत मोजायला लागला. निरंजन भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच राहिला. चाचणीत बोलायचं नाही हा त्याचाच नियम. श्रीनिवासांनी लॅपटॉप अर्धा मिटला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्ची मागं सरकवली. चेहऱ्यावर राग नव्हता. चहाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जे असायचं तेच होतं.

"पावणं," दत्तूमामा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "कुठं निघालासा?"

श्रीनिवासांना मराठी येत नव्हतं. पण ती हाक दुकानापुढून जाणाऱ्या माणसाला थांबवायला घडवलेली आहे. ते थांबले.

मामांनी मान वर केली आणि डोंगरावरचं हिंदी काढलं. "किधर जाता है? तुम्हारा दो आदमी मेरे खेत में काम करता है. उसका क्या करूं मैं? बैठो की."

श्रीनिवास त्यांच्या खुर्चीमागं गेले, वाकून बघितलं. गुलाबी फडक्यांत दोन निळी. "ये मेरे हैं?"

"तो क्या मेरे हैं? तुमने भेजा, लावणी के टाइम में. मेरे को याद है."

"वो तो गलती से दब गया था."

"गलती से भेजा, फिर भी आया ना. काम किया ना." मामांनी बाजूची खुर्ची पायानं ओढली. "बैठो."

श्रीनिवासांनी खिशातून चष्मा काढून परत डोळ्यांवर चढवला. आपल्या जागेवर गेले, लॅपटॉप उघडला आणि बसवराजला म्हणाले, "तो संदेश कसा बाजूला करायचा?" बसवराज जवळजवळ पळत गेला. मग त्यांनी आपल्या दोन गड्यांवर मामांच्या बांधाला लागून एक तुकडा पिकवायला घेतला, आणि खाली गिरणी सुरू होऊन बंद होईपर्यंत जागेवरून उठले नाहीत. निघताना निरंजनशी हात मिळवून एवढंच म्हणाले, "सहा जणांचाच राहू दे. पण इथं सगळे एका खोलीत होते. आता आपापल्या घरून खेळवून दाखवा. घरी हाक मारायला कोण असणार?"

प्रश्न रास्त होता. निरंजन बेंगळुरूला गेला नाही आणि मी यादीतलं ते उरलेलं काम सगळ्यात वर आणलं. बसवराजनं विचारलं, "जुन्या संदेशाच्या जागी काय घालू, अक्का?" मी म्हटलं, "मामा म्हणाले तेच." निरंजननं मामांचं हिंदी तेवढं त्यांच्याच मराठीत आणलं, बाकी काही बदललं नाही. आता गाव गेलं, की पडदा करडा होत नाही. ज्या शेतात तुमची माणसं आहेत ते शेत समोर येतं आणि खाली अक्षरं: पावणं, कुठं निघालासा? तुमची माणसं हायत की हिकडं. दुसऱ्या भाषांत याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. तो विषय यादीत आहे.

घरून खेळायची पहिली चाचणी झाली तेव्हा मी स्टुडिओत एकटी होते. सहा घरं, सहा दिवे माझ्या पडद्यावर. खेळाडू निघून गेला की त्याचा दिवा विझतो. या वेळी खांदे दिसत नव्हते, फक्त दिवे. रोहिणी शांतपणे वरच्या दोन गावांशी पैरा जुळवत राहिली, आणि सगळ्यांचं पाणी तिच्या हातात आलं तेव्हा तिनं संग्रामचं गाव घेतलं. इतक्या रविवारांत त्याचं गाव पहिल्यांदाच गेलं होतं.

मी त्याच्या दिव्याकडं बघत राहिले. त्यानं कुणाला काही दिलं असेल याची मला आशा नव्हती. दिवा चालू राहिला. मामांचं शेत उघडून बघितलं, तर गुलाबी फडक्यांच्या रांगेत शेवटी एक पिवळं डोकं, संग्रामच्या रंगाचं.

फोन वाजला. कागलहून तोच.

"मॅडम, ते वाक्य कुणी घातलंय?"

"का? काढायचंय?"

"न्हाय न्हाय, ऱ्हाऊ दे." मागं त्याच्या आईचा आवाज येत होता, जेवायला बोलावणारा. "मामांना तेवढं सांगा, बसलोय म्हणून."